अठ्ठेचाळीस टोले

३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही पोरीने दिली. म्हणाली, "बाबा, चार महिन्यांनी रिटायर व्हाल. मग दिवसभर आईचं डोकं खाल. त्यापेक्षा आत्तापासून हिच्यात लिहीत जा." तोंडाळपणा कुणाकडून आलाय ते सांगायला नको. ही म्हणते, तुमच्याकडून.

तर लिहितो. मी रोपवेचा तपासनीस. एकतीस वर्षं झाली. खालच्या स्टेशनच्या शेडमध्ये चोवीस ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येक ट्रॉली दोन क्लॅम्पनी दोराला धरून असते, एक उजवा, एक डावा. क्लॅम्प म्हणजे लोखंडी जबडाच. एक ढिला झाला तर दुसरा धरतो, पण वारं सुटलं की एकट्याचं काम नाही. रोज सकाळी मी एकेका ट्रॉलीसमोर उभा राहतो, दोन्ही क्लॅम्प बघतो, दोन्हींवर हातोडीचा एकेक टोला घालतो. धड क्लॅम्प टणकन वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. मग मी "पाहिली!" असं ओरडतो आणि मागे वहीवाल्या बाई रेघ ओढतात. चोवीस ट्रॉल्या, अठ्ठेचाळीस टोले. जिच्यासाठी मी ओरडलो नाही ती त्या दिवशी दोरावर चढत नाही, मग मॅनेजर का येईना.

एकतीस वर्षांत एक माणूस पडलेला नाही. फुशारकी नाही, खरं आहे ते लिहितो.

९ ऑक्टोबर, रविवार

पोरगी आणि जावईबापू जेवायला आले होते. ते वर डोंगरावर राहतात. जावईबापू तिथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. आले नेहमीप्रमाणे बसने, दोन तास वळसे घेत. रोपवेवाल्याची पोरगी आणि तिला ट्रॉलीत मळमळतं, काय बोलायचं!

जेवताना जावईबापू रंगात आले. कोणी एक जुना विचारवंत होता म्हणे, त्याच्या मते वस्तू असणं म्हणजे ती कुणाला तरी जाणवणं. कुणालाच जाणवत नसेल तर टेबल नाही, खुर्ची नाही, काही नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मी डोळे मिटले की ही भाजी नाहीशी?"

"तुमच्यापुरतं तसं म्हणता येईल, बाबा."

"मग डोळे मिटूनही आळणी कशी लागते?"

हिने डोळे वटारले. मी पुढे विचारलं, शेडला कुलूप लागल्यावर आत चिटपाखरू नसतं, तेव्हा माझ्या चोवीस ट्रॉल्या जातात कुठे? तर त्या गृहस्थाने त्याचंही उत्तर देऊन ठेवलंय. म्हणे कोणीतरी सतत सगळं बघत असतं, म्हणून जग टिकून आहे.

"त्याला पगार कोण देतं?" मी म्हटलं. पोरगी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. दृष्टीआड सृष्टी हे आमची आजी दोन शब्दांत सांगायची, त्यासाठी एवढी जाड पुस्तकं कशाला लागतात कोण जाणे.

संध्याकाळी डोकं दुखलं. हसण्याने असेल.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवसांत तीनदा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. एकदा तर एक चप्पल रस्त्यातच राहिली आणि मी तसाच घरी आलो. ही म्हणाली, "अहो, लक्ष कुठे असतं?" लक्ष जागेवरच आहे. चप्पलच सुटली त्याला मी काय करू?

डोकं रोज दुखतंय. हवा बदलली की होतं असं.

सकाळी गंमत झाली. चहा मागितला. ही म्हणाली, "कधीचा समोर ठेवलाय." समोर काही नव्हतं. मी चिडलो. तिने बोट लावून कप इकडे सरकवला आणि तो झाला. 'झाला' हाच शब्द बरोबर आहे. आधी नव्हता, मग झाला. जावईबापूंची आठवण आली आणि हसू आलं.

१६ ऑक्टोबर, रविवार

दाढी करून बाहेर आलो तर ही बघतच राहिली. "अर्धीच केलीत?"

आरशात पाहिलं, लख्ख गुळगुळीत. तेव्हा तिने माझा हात धरून माझ्याच गालावर फिरवला. खुंट होते! आणि हात फिरल्यावर मग आरशातही दिसले. माणसाने आपल्याच गालावर विश्वास ठेवायचा की नाही?

ही हसली नाही. चेष्टा करायची इतकी सवय तिला, पण हसली नाही. मला ते आवडलं नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

आज वहीवाल्या बाईंशी वाजलं. बावीस वर्षं माझ्यामागून रेघा ओढतायत, कधी ब्र काढला नाही. आज पहिल्याच ट्रॉलीला म्हणाल्या, "साहेब, दुसरा टोला?"

"दुसरा कसला?"

"एकच वाजला."

"दोन मारले," मी म्हटलं. मारले होते, नाहीतर मी ओरडेन कशाला? पुढच्या ट्रॉलीला पुन्हा तेच. शेवटी म्हणाल्या, "साहेब, चोवीसच टोले झाले आज." मी म्हटलं, बाई, कान तपासून घ्या, अर्धंच ऐकू येतंय तुम्हाला. त्यांनी वही मिटली. वाईट वाटलं नंतर, पण वय कुणाला चुकलंय?

२० ऑक्टोबर, गुरुवार

ह्या वहीचे कागदवाले लबाड आहेत. सुरुवातीला समास बोटभर होता, आता जवळजवळ अर्धं पान कोरं सोडलेलं आहे. लिहायला जागा ती किती! पोरीला सांगितलं पाहिजे, फसवलंय तिला.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज जावईबापूंना गच्चीत एकटं गाठलं आणि सगळं सांगितलं. कपाचं, दाढीचं. भाजीची वाटी जेवण संपल्यावर कशी उगवते ते. मी म्हटलं, "तुमचा तो गृहस्थ वेडा नव्हता. वस्तू खरंच नसतात हो. बघितलं, हात लावला, की होतात. मी रोज बघतोय."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाबा, तो वाद घालण्यासाठीचा विचार आहे. कप नाहीसे होत नाहीत. तुम्ही डोळे तपासून घ्या ना."

आयुष्यभर शिकवतात आणि कुणी खरं मानलं की घाबरतात. मी म्हटलं, बरं, जातो.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

चष्मेवाल्याकडे गेलो. तक्त्यावरची ओळ वाच म्हणाला, वाचली. "पूर्ण वाचा." पूर्णच वाचली होती. पुन्हा वाच, पुन्हा वाचली. मग बोटं दाखवून किती किती करत बसला, जसा मी बालवाडीत आहे. शेवटी म्हणाला, काका, डोळ्यांत दोष नाही, आणि मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली. दोष नाही तर चिठ्ठी कशाला? ह्यांची साखळी असते सगळी.

चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली होती, घरी येईपर्यंत खिसाच नव्हता. हिला म्हटलं, हरवली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

शेडमध्ये माझ्यामागून बारीक टकटक येते. मी पुढच्या ट्रॉलीकडे सरकलो की मागच्या ट्रॉलीपाशी टक. आज पटकन वळून पाहिलं. वहीवाल्या बाई कपाटाच्या किल्लीने क्लॅम्प वाजवत होत्या!

"हे काय चाललंय?"

"काही नाही साहेब. सवय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

खाली बघत म्हणाल्या, "तुमचा राहतो तो मी वाजवते. आठ दिवस झाले. रागावू नका. दोन ढिले निघाले, फिटरकडून आवळून घेतले."

एकतीस वर्षं! माझ्या हातोडीमागे किल्ली घेऊन फिरते ही बाई! अंगाची लाही लाही झाली. मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं, एक तर ती नाहीतर मी. मॅनेजर म्हणाला, तीन महिने राहिलेत साहेब, तुम्ही म्हणाल तसं. एक तारखेपासून बाई वरच्या स्टेशनात तिकीट खिडकीवर.

३० ऑक्टोबर, रविवार

हे कसं लिहू? दुपारी ओसरीच्या बाकावर बसलो होतो. एकटाच. आणि हिचा आवाज आला, अगदी कानाशी, "भाजी काय आणायची?" बाकावर कोणी नव्हतं. मी ओरडलो. मग माझ्या हनुवटीला कोणीतरी धरलं, तोंड फिरवलं, आणि ही होती. बाकावर, शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. कधीची बसलीय म्हणाली.

मी रडलो. लपवून काय करू? छत्तीस वर्षं संसार केलेली बायको शेजारी बसलेली असते आणि नसते. कप नाहीसा झाला तर हसता येतं. माणूस नाहीसं झालं तर काय करायचं? मी बघत नसेन तेव्हा ती कुठे असते?

हिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. तिला चिठ्ठी सापडलीय, धुवायच्या शर्टात. दहा तारखेची वेळ घेतलीय हॉस्पिटलची. म्हणाली, "तोवर रजा टाका." मी म्हटलं, वाऱ्याचे दिवस आलेत, मी रजेवर गेलो तर ट्रॉल्या बघणार कोण?

१ नोव्हेंबर, मंगळवार

मागे नवा माणूस आहे. गुणी आहे, बोलत नाही. मी "पाहिली" म्हणतो, तो रेघ ओढतो. टकटक नाही. शेड कशी शांत वाटते आता. वीस मिनिटांत तपासणी उरकते, पूर्वी चाळीस लागायची. मॅनेजर म्हणाला, साहेब, म्हातारपणी वेग वाढला तुमचा.

२ नोव्हेंबर, बुधवार

पोरीचा विचार डोक्यातून जात नाही. ती तिकडे वर, मी इकडे खाली. हिला निदान हात धरून जवळ ठेवता येतं. पोरीला कोण बघतंय? जावईबापू दिवसभर कॉलेजात. कुणीच बघत नाही अशी एखादी घटका आली तर? वेड्यासारखं आहे, मला कळतं. पण शेजारचं माणूस नसताना मी पाहिलंय. ज्याने पाहिलं नाही त्याने शहाणपण शिकवू नये.

फोन केला. म्हटलं, चार दिवस इकडे ये राहायला, माझ्या डोळ्यांसमोर.

"बाबा, दहा तारखेला येणारच आहे ना तुमच्याबरोबर हॉस्पिटलला."

"दहाला नको. आत्ता ये."

"रविवारी येते. बसने."

बस म्हणजे दोन तास दरीच्या कडेने, कुणा परक्या ड्रायव्हरच्या हाती. त्या बसचा नटबोल्ट कुणी बघितलेला असतो? मी म्हटलं, ट्रॉलीने ये. मी स्वतः बघितलेल्या ट्रॉलीने. खालून मला तू येताना सबंध दिसशील.

"मळमळतं हो."

"बापासाठी बारा मिनिटं सोसवत नाहीत?"

मग म्हणाली, "बरं. पण खाली चहा तयार ठेवा." जिवात जीव आला.

५ नोव्हेंबर, शनिवार

वारं आहे. डोकं फार दुखतंय, एक हात जड वाटतो. पोरीसाठी सतरा नंबरची ट्रॉली ठरवली, खिडक्या मोठ्या आहेत, हवा लागेल. आज तिच्यासमोर दुप्पट वेळ उभा राहिलो. क्लॅम्प इतका छान वाजला की पुन्हा एकदा वाजवला.

६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तपासणी झाली. सगळं ठाकठीक. वारं वाढलंय, पण बंद करण्याइतकं नाही.

वरून वहीवाल्या बाईंचा फोन आला होता. दहा दिवसांत पहिल्यांदा बोललो. म्हणाल्या, "साहेब, ताई आल्यात इथे. सतरामध्ये बसवू ना? आज अठ्ठेचाळीस झाले?"

मी म्हटलं, "झाले."

"नक्की ना साहेब? वारं आहे. मी जाऊन बघू का एकदा?"

"तुम्ही तिकिटं फाडा," मी म्हटलं. मागून पोरीचा आवाज आला, "बाबांना सांगा, चहात साखर कमी." नऊ चाळीसला सुटेल. चहा टाकायला सांगतो.

८ नोव्हेंबर, मंगळवार

मोठं हॉस्पिटल. दहा तारखेआधीच आणलं मला इथे. पेन मागून घेतलं.

डॉक्टर सांगून गेले. मेंदूच्या उजव्या भागात गाठ आहे. महिनोन्महिने वाढतेय. डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडे जे काही असतं ते माझा मेंदू हिशेबातच घेत नाही, आणि काही राहून जातंय असंही त्याला वाटत नाही. मान पूर्ण वळवली की मात्र दिसतं. त्यांनी तांब्या ठेवून करून दाखवलं. नव्हता. मान वळवली, होता. वळल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्याशिवाय वळायचं सुचत नाही.

डावा. हा शब्द किती दिवसांनी लिहिला.

परवाचं लिहितो. मी खालच्या फलाटावर उभा होतो, चहाचा पेला घेऊन. वर जाणारा दोर स्वच्छ दिसत होता, रिकाम्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. मग लोक ओरडले. सगळे एकाच जागी बघत होते. मीही बघितलं. तिथे काही नव्हतं. उतरायचा दोरच नव्हता. काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, खांबावर, मग दगडांवर. माणसं माझ्या अंगावरून पळाली. मी फिटरला विचारलं, "काय झालं रे? काय बघताय सगळे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पेला हातात धरून पोरीची वाट बघत होतो. चहा निवत होता.

मॅनेजर येऊन गेला. सतराचा डावा क्लॅम्प चिरलेला होता, चिरेत गंज धरू लागला होता, म्हणजे चार-पाच दिवसांची चीर. वाऱ्याने तो उघडला, मग एकट्या उजव्याला झेपलं नाही. आणखी सहा ट्रॉल्यांचे डावे ढिले निघाले. वहीत सगळ्यांपुढे रेघा आहेत. वहीवाल्या बाई दाराशी उभ्या राहून गेल्या. आत आल्या नाहीत. त्यांच्या किल्लीवर माझी चोवीस ट्रॉल्यांची इज्जत आठ दिवस उभी होती, आणि मी त्यांना हाकललं. मी ट्रॉलीने ये म्हटलं. मी हट्ट केला. बसने आली असती तर आत्ता माझ्याशी भांडत असती.

जावईबापू उजव्या हाताला खुर्ची घेऊन बसलेत. सगळ्यांना आता ठाऊक झालंय कुठे बसायचं. दाढी वाढलीय, शर्ट कालचाच आहे. ते म्हणतात, पोरीला ह्याच खोलीत आणलंय. तुमच्या पलीकडे, खाटेला लावून. चार वाजता नेणार. "बाबा, एकदा मान वळवा. मग राहून जाईल."

मी त्यांना विचारलं, "नाही वळवली तर?"

ते माझ्या पायांवर डोकं ठेवून रडले. एवढं शिकलेलं माणूस.

मी खिडकीकडे बघतोय. खिडकी आहे, पडदा आहे, जावईबापूंचे केस आहेत. पलीकडून हिचं रडणं ऐकू येतं, पण रडणारं कोणी नाही. तसंच राहू दे. डॉक्टरांचं सगळं पटलंय मला, मी काही मूर्ख नाही. पण मी बघेपर्यंत पोरगी फोनवर साखरेबद्दल बोलतेय. बघितलं की संपलं. एकतीस वर्षं पगार घेऊन बघत आलो, आता नाही बघणार. लिहीत बसलो की कोणी हलवत नाही, म्हणून लिहितोय.

हिने आत्ता माझं पेन काढून घेतलं. "अहो, तिला एकदा हात तरी लावा," म्हणाली, आणि माझा हा लिहिता हात उचलून छातीवरून पलीकडे नेला. मी ओढून घेत होतो, पण तिने दोन्ही हातांनी धरला होता. कशावर तरी ठेवला. गार. बोटं होती. नखं दातांनी कुरतडलेली, अंगठ्याचं तर मुळापर्यंत. किती वेळा ओरडलो असेन त्यावरून.

पेन परत घेतलंय. मान मी वळवलेली नाही. पण आता ती तिथे आहे.